घण कोणी मारला?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी देवळीची. लोहाराच्या घरातली लेक. आमच्या बचत गटाचे हिशेब मी लिहिते, एवढीच माझी लिहिण्यावाचण्याशी ओळख. केंद्रावरच्या ताईंनी मला विचारलं, "तुम्ही म्हणे तुमच्या पणजोबांचा शोध लावला, तो कसा लावला ते आमच्या बायांना सांगाल का?" मी म्हटलं, सांगते. पण शोधायला गेले होते पणजोबांना आणि सापडली पणजी. त्यामुळे दोघांचंही सांगावं लागेल.

हा शोध हौसेनं सुरू झाला नाही, हे आधीच सांगते. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, बारावी झाली. मार्क चांगले पडले, इंजिनिअरिंगला जायचं ठरलं. जातीचा दाखला होता, पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं. आणि तिथेच गाडी अडली.

तुमच्यापैकी ज्यांची मुलं शिकतात त्यांना हे माहीत असेल. तरी आकडे सांगते, लिहून ठेवा. इतर मागास वर्गात असाल, तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं आणि त्याची जात ती होती, असा पुरावा लागतो. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. लोहार इतर मागास वर्गात येतात, म्हणून आम्हाला १९६७ च्या आधीचा कागद हवा होता.

आता आमच्या घरात कागद कुठला? भावाचा शाळेचा दाखला १९६७ नंतरचा. बाबा तर शाळेत गेलेच नाहीत. सात वर्षांचे झाले तेव्हापासून भात्यापाशी बसले. भाता म्हणजे काय ते नव्या मुलींना सांगते, भट्टीला वारा घालायची चामड्याची पिशवी. बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते होते तेव्हा मी त्यांना कधी विचारलं नाही की आपण कुठले, तुमचा जन्म कधीचा, तुमच्या आजोबांचं काय झालं. रोज समोर बसलेल्या माणसाला असं काही विचारायचं असतं, हे कुणाच्या ध्यानात येतं?

एका कार्यालयात आम्हाला सांगितलं, "कोतवाल पंजीची नक्कल काढा." मी पहिल्यांदाच हा शब्द ऐकला. पूर्वी गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं, की त्याची खबर कोतवाल देई आणि ती वहीत लिहिली जाई. आपल्या विदर्भात या वह्यांना कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी म्हणतात. त्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज करायचा, गाव आणि अंदाजे साल लिहायचं, फी भरायची, मग वही शोधून नक्कल देतात.

पण साल माहीत पाहिजे ना! बाबांची जन्मतारीख घरात कुणालाच माहीत नव्हती. आधार कार्डावर १ जानेवारी, म्हणजे कुणीतरी अंदाजानं टाकलेली. मग मी आणि भाची नाचणगावला गेलो, मोठ्या आत्याकडे. आत्या नव्वदीला टेकलेली. कानानं कमी ऐकते, पण डोकं असं की बचत गटाच्या माझ्या वहीपेक्षा पक्कं.

मी विचारलं, "आत्या, बाबांचा जन्म कोणत्या साली झाला?"

"साल मले का मालूम, बाई? मी का शाळेत गेलती?" ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "पण नागपंचमीले आष्टीत गोळ्या चालल्या होत्या ना, त्याच साली. पोळा झाला अन् दुसऱ्या दिवशी तुहा बाप जलमला. घरात बैलाचं तोरण होतं अजून."

मैत्रिणींनो, यापेक्षा पक्की तारीख कोण सांगणार? आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीचा गोळीबार १६ ऑगस्ट १९४२ चा, नागपंचमीचा. त्यानंतरचा पोळा म्हणजे सप्टेंबर १९४२. आम्ही अर्जात तेच लिहिलं, आणि त्या महिन्याच्या पानावर नोंद सापडली.

ती नोंद हातात आली तेव्हा मी आधी आनंदानं आणि मग गोंधळून पाहत राहिले. कारण तिच्यात बाबांचं नावच नव्हतं. तारीख, आबाजींचं नाव, जात, आणि पुढे फक्त 'मुलगा'. या वह्यांमध्ये बहुतेक असंच असतं. मूल जन्मल्याची खबर लगेच लिहायची, बारसं व्हायचं नंतर, त्यामुळे बाळाचं नाव नाही. आणि जिनं बाळ जन्माला घातलं तिचं नाव तर नाहीच.

आबाजींच्या नावावर अशा 'मुलगा' म्हणून तीन नोंदी होत्या. यातले बाबा कोणते? पुन्हा आत्याच कामी आली. पहिला मुलगा म्हणजे आमचे मोठे काका, ते आत्यापेक्षा मोठे. दुसरा वर्षाच्या आत गेला. मग आम्ही मृत्यूची वही काढली, त्यात त्या बाळाची नोंद मिळाली. तिसरा, पोळ्यानंतरचा, तो बाबा. अशी एकेक गाठ बांधत गेलो.

दुसरी अडचण जातीच्या रकान्यात होती. तिथे 'लोहार' नव्हतं, 'खाती' लिहिलं होतं. एका खिडकीवर आम्हाला विचारलं, "खाती म्हणजे लोहार कशावरून?" आता आपल्याकडे म्हातारी माणसं लोहाराला खातीच म्हणतात. 'खात्याकडून पास शेवटून आण' हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकलं आहे. पण ऐकलेलं कागदाला चालत नाही. एका ओळखीच्या गुरुजींनी वाट दाखवली. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मोठा ग्रंथ लिहिला. तो १९१६ साली चार खंडांत निघाला. त्यात लोहारांच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच लोहार, खाती, घिसाडी, पांचाळ ही नावं एकत्र दिली आहेत. त्या पानाची प्रत आम्ही जोडली. आत्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं, मोठ्या काकांच्या शाळेतला दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा जोडला. त्यात 'लोहार' होतं. एकाच बापाच्या दोन मुलांच्या नोंदीत एकदा खाती आणि एकदा लोहार, म्हणजे दोन्ही एकच, हे त्यातून दिसलं. भाचीला प्रमाणपत्र मिळालं. ती आता नागपूरला शिकते.

इथे माझं काम संपायला हवं होतं. पण वह्या चाळताना एक पान माझ्या नजरेला पडलं होतं, ते काही केल्या डोक्यातून जाईना.

ते १९१८ सालचं पान होतं. त्या वर्षी पावसाळा सरता सरता मानमोडीची साथ आली. जगभर पसरलेला तो इन्फ्लुएन्झा होता आणि आपला मध्य प्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त झळ बसलेल्या भागांपैकी एक होता. एरवी त्या वहीत महिन्याला चार-दोन मृत्यू. त्या आठवड्यांत पानंच्या पानं भरलेली, आणि कारणाच्या रकान्यात एकाखाली एक, ताप, ताप, ताप. काही पानं मोडीत होती, म्हणून मोडी वाचणाऱ्या एका काकांना सोबत नेलं होतं. २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली आहे, ते तुम्ही ऐकलंच असेल. काकांनी बोट ठेवून वाचलं आणि माझ्या पणजोबांचं नाव घेतलं. जात खाती, धंदा लोहारकाम, कारण ताप.

मी मनात हिशेब केला. आबाजी तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे असतील. दहा वर्षांच्या पोरानं लोहारसाळ चालवली नसणार. पण आमच्या घरात सगळे सांगतात की आमची भट्टी कधी विझली नाही. मग मधली सात-आठ वर्षं ती कोणी चालवली?

त्याआधी आमचे पणजोबा या गावात आले कसे, ते सांगायला हवं. आत्या म्हणाली होती, "आमी मूळचे नदीपल्याडचे. कळंबाकडले. मोठा दुकाळ पडला, ढोरं चाऱ्यावाचून मेले. बैल नाही तं नांगर नाही, नांगर नाही तं लोहाराले कोन पुसते? माहा आजा तवा पोरगा होता. बापाच्या मागं ऐरन डोक्यावर घेऊन नदी उतरला म्हनत."

ऐरण डोक्यावर घेऊन नदी उतरता येते का, ते जाऊ द्या. पण दुष्काळाची खूण खरी आहे. आपल्याकडे तेव्हा पाठोपाठ दोन दुष्काळ पडले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. गुरं फार मोठ्या संख्येनं मेली तो दुसरा. म्हणजे आमचं घर १९०० च्या आगेमागे इकडे आलं.

आणि ती नदी म्हणजे आपली वर्धा. आज आपण पुलावरून जातो तर कळतही नाही, पण ती शंभर-सव्वाशे वर्षं सरहद्द होती. १८०३ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा इंग्रजांकडून पराभव झाला. त्याच वर्षी डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख निजामाकडे गेला. अलीकडे भोसल्यांचं राज्य, पलीकडे निजामाचं. त्यात पेंढाऱ्यांच्या धाडी, म्हणून गावोगाव मातीच्या गढ्या. पुढे वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला, १८५४ मध्ये नागपूरचं राज्यही त्यांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत केला आणि १८६२ मध्ये आपला वर्धा जिल्हा वेगळा काढला. पण नदीच्या दोन काठांवरची पद्धत वेगळीच राहिली. पलीकडे रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारशी थेट संबंध. अलीकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा मालगुजार सारा गोळा करणार. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं, तरी दप्तरं आपापल्या जागीच राहिली.

हे मी का सांगते? कारण तुमच्याही घरात 'आम्ही नदीपल्याडचे' असं कुणी सांगत असेल, तर तुमचे कागद दोन जागी असणार. आमचा लोहार नदी उतरला तेव्हा एका दप्तरातून बाहेर पडला आणि दुसऱ्या दप्तरात शिरला. मधल्या पाण्यात त्याची कुठेच नोंद नाही.

अलीकडे त्याला काम होतं. आत्या म्हणते, मालगुजारानं घराला आणि लोहारसाळीला जागा दिली. गावाला लोहार लागतोच. मृग लागायच्या आधी वखराच्या पासा, नांगराचे फाळ, डवऱ्याची, तिफणीची लोखंडं, सगळी नीट करून द्यायची. त्या दुरुस्तीचे पैसे नाहीत. नांगरामागे ठरलेलं धान्य खळ्यावर मिळायचं. नवी वस्तू घडवली तर तिचा मोबदला वेगळा. शिवाय आपला हा कापसाचा मुलूख. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, ती पुलगाव-वर्ध्यावरून. देवळी बाजूला राहिली. म्हणून इथला कापूस बंड्यांनी स्टेशनावर जायचा. बंडी म्हटली की चाकाची धाव आली, आस आला. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती तापवून फुगवायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची. बंड्या धावत होत्या तोवर लोहाराला उसंत नव्हती.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. पणजोबा गेल्यावर घण कोणी मारला?

मी पुन्हा नाचणगावला गेले. आत्याला विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं असावं की सूर्य कोणत्या बाजूला उगवतो.

"कोन मारंल? माही आजी मारे. नवरा होता तवाही तेच मारे."

"मग साळ कोण चालवे?"

"साळ तिचीच होती, बाई. नवरा मेला तवा तिनं आपल्या लहान्या भावाले आनलं सांडशी धराले. तो पोरगा होता. लोखंड कवा काढाचं, पानी कवा पाजाचं, हे तिनंच त्याले शिकवलं. मंग माह्या बापाले शिकवलं. मी पाहेलं ना तिले. म्हातारी झाल्ती, तरी बापानं चुकीचा ठोका मारला का घरातून ओरडे."

मैत्रिणींनो, मी लोहाराच्या घरात वाढले आणि तरी हे मला सुचलं नव्हतं. लोहारकाम एकट्यानं होतच नाही. एकजण डाव्या हातानं सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि उजव्या हातातल्या लहान हातोड्यानं ठोका दाखवतो, इथे मार, असा. आणि समोर उभा असलेला दुसरा माणूस दोन्ही हातांनी घण उचलून नेमका तिथे मारतो. शिवाय भात्यावर तिसरं कुणी हवं, ते बहुधा पोर. लोखंड लाल-पिवळं असतं तोवरच काम होतं, काळं पडलं की पुन्हा भट्टीत. तेवढ्या वेळात दोघांची ताल चुकली तर हात जातो. गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांच्या पालांपाशी आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, नवरा बसून लोखंड धरतो आणि बायको उभी राहून घण घालते. पोटाशी लेकरू बांधूनही घालते. आपण पाहतो, पुढे जातो, आणि म्हणतो, 'लोहार आला.'

कागदानंही तेच केलं. कोतवालाच्या वहीत धंदा लोहारकाम, तो पणजोबांचा. पणजीचा धंदा कुठेच नाही.

तिचं नाव तरी कुठे आहे का, म्हणून मी शोधत राहिले. ३१ मार्च १९५१ ला आपल्याकडची मालगुजारी संपली. त्यानंतर गावागावाचे हक्क नव्यानं लिहिले गेले, त्याला अधिकार अभिलेख म्हणतात. साधारण १९५४-५५ चे असतात. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, त्यामुळे त्या कागदांची भाषा हिंदी-उर्दू मिसळलेली. मुलगा म्हणायचं तर 'वल्द', बायको म्हणायचं तर 'जौजे', विधवा म्हणायचं तर 'बेवा'. जात म्हणजे 'कौम'. हे चार शब्द लक्षात ठेवा, फार उपयोगी पडतात.

आमच्या जागेच्या पानावर शेवटी ती सापडली. एक ओळ होती. 'मुसम्मात', पुढे नाव लिहायची जागा शाईच्या डागाखाली गेलेली, मग 'बेवा' आणि पणजोबांचं नाव, कौम खाती. नवरा जाऊन पस्तीसहून अधिक वर्षं झाली होती आणि जागा अजून तिच्या नावावर होती. मुलगा कर्ता झाला होता, नातवंडं झाली होती, तरी घरानं ती जागा तिच्याच नावावर लावली. हा कागद सरकारनं लिहिला, पण तो काय सांगतो ते मला आत्याच्या बोलण्यानंतरच वाचता आलं. आधी हातात आला असता तर मी म्हटलं असतं, 'एक विधवा, आणखी काय?'

तिचं नाव मी आत्याकडून घेतलं. ते इथे रेडिओवर सांगत नाही, घरचं आहे. पण आमच्या घरी आता लिहून ठेवलं आहे.

जात पडताळणीच्या अर्जासोबत वंशावळ द्यावी लागते. ती आम्ही दिली. खापरपणजोबा, पणजोबा, आबाजी, बाबा, भाऊ, आणि सगळ्यात खाली भाची. वरच्या पाचही नावांत एकही बाई नाही, आणि तो सगळा खटाटोप मात्र एका मुलीच्या शिक्षणासाठी. भाचीच म्हणाली, "आत्या, आपण दुसरी वंशावळ काढू." मग आम्ही मोठ्या कागदावर दुसरी काढली. तिच्यात प्रत्येक पुरुषाशेजारी त्याची बायको, तिचं माहेरचं गाव, आणि ती साळीत काय करायची ते. आजीनं भाता ओढला. आईनं सुट्टीच्या दिवशी वेल्डिंगचा मुखवटा धरून भावाला गेट जोडायला मदत केली. हो, आता आमची साळ म्हणजे भावाचं वेल्डिंगचं दुकान आहे. ऐरण मात्र तीच आहे. दसऱ्याला तिची पूजा होते.

एक आणखी गोष्ट घडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून देवळी, भिडीवरून कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली. १८६७ मध्ये बाजूला राहिलेल्या देवळीत शेवटी गाडी आली. मी आणि भाची त्या गाडीनं कळंबला गेलो. ज्या नदीसाठी आमच्या घरात इतक्या गोष्टी, ती बघता बघता मागे गेली. तिकडे विचारत विचारत आमच्याच आडनावाच्या लोहारांची दोन घरं सापडली. ओळख ना पाळख. मी काहीच सांगितलं नाही, आधी त्यांनाच विचारलं, तुमच्यातलं कुणी गाव सोडून गेलं होतं का? तिथल्या म्हातारबुवांनी सांगितलं, "दुकाळात एक घर नदी उतरून गेलं म्हनतेत. ऐरन घेऊन गेलं, म्हनून आमच्या आज्यानं नवीन केली." इकडची गोष्ट ऐरण घेऊन आल्याची, तिकडची ऐरण गेल्याची. कागद नाही, पण दोन काठांवरच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना न भेटता तेच सांगितलं. मला तेवढं पुरे आहे.

आता तुम्हाला हे करायचं असेल तर काय कराल? मी चुका करत करत शिकले, ते थोडक्यात सांगते.

पहिलं, कागदाआधी माणूस. घरातली सगळ्यात म्हातारी बाई कोण, तिच्याकडे आधी जा. तिला साल विचारू नका. दुष्काळ विचारा, साथ विचारा, पोळा-दिवाळी विचारा, कुणाचं लग्न झालं होतं ते विचारा. साल आपण काढायचं. मोबाइलवर तिचं बोलणं भरून ठेवा, तिच्या शब्दांत.

दुसरं, आपल्याकडून उलट मागे जा. स्वतःपासून आईवडील, मग आजीआजोबा. एकदम 'आमचा मूळ पुरुष' शोधायला निघालात तर भलत्याच घरात पोचाल. एकाच नावाची चार माणसं गावात असतात.

तिसरं, कागद कुठे असतात ते लक्षात ठेवा. कोतवाल पंजी आणि जुने अधिकार अभिलेख तहसील व भूमी अभिलेख कार्यालयात. शाळेची दाखल-खारीज नोंदवही जुन्या प्राथमिक शाळेत. तिच्यात पालकाचं नाव, जात आणि धंदा असतो, आणि शाळेत दोन वर्षं गेलेल्या काकाचाही उपयोग होतो. इंग्रजांच्या बंदोबस्ताच्या काळातलं वाजिब-उल-अर्ज म्हणून एक कागद असतो, त्यात गावाच्या चालीरीती लिहिलेल्या असतात. जनगणनेत मात्र आपलं घर शोधायला जाऊ नका. तिथे आकडे असतात, आपल्या आजोबांचं नाव नाही.

चौथं, घरातली गोष्ट आणि सापडलेला कागद वेगवेगळे लिहा. बाबा सांगायचे, आबाजींनी सेवाग्रामच्या चरख्यांसाठी चात्या घडवल्या. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला गेले, आबाजी तेव्हा तरुण लोहार, त्यामुळे घडू शकतं. पण मी वहीत असं लिहिलं आहे, 'बाबांनी सांगितलेलं.' पुढच्या माणसाला फरक कळला पाहिजे.

पाचवं, बायांचा रकाना स्वतः आखा. कोतवालानं आखला नाही, म्हणून आपणही आखायचा नाही असं नाही.

आता सरकारनंही थोडं बदललं आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं ठरलं आहे. म्हणजे आज जन्मलेल्या पोरीची नात शंभर वर्षांनी शोधायला बसेल, तेव्हा तिला आई सापडेल. पण आईनं काय काम केलं ते त्या नावात येणार नाही. ते आपल्यालाच लिहून ठेवावं लागेल.

आणि आज संध्याकाळी एवढं करा. चहा ठेवा, घरातल्या आजीपाशी बसा आणि विचारा, "आजी, तुमच्या आजीचं नाव काय होतं?" तिला नाव आठवलं तर पुढे विचारा, "ती काय काम करे?" उत्तर आलं की त्याच वेळी लिहा. मी बाबांना विचारायची राहिले, तुम्ही राहू नका.